मागचा अर्धा भाग

समितीची पांढरी गाडी फाटकातून आत वळली तेव्हा मी काठापदराची साडी नेसून, हातात औक्षणाचं ताट धरून कॉलेजच्या पायरीवर उभी होते, आणि माझा जीव वरच्या मजल्यावर, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एका काचेच्या बशीत होता. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा. फरक इतकाच की पोपट निदान ओरडतो तरी. माझा जीव ज्यांच्यात अडकला होता ते नखाएवढे चपटे किडे होते आणि त्यांना आवाज नसतो.

आदल्या दिवशी प्राचार्य इंगवल्यांनी फर्मान काढलं होतं की पाहुण्यांचं औक्षण नलवडे मॅडम करतील. मी म्हटलं, सर, सकाळी मला प्रयोगशाळेत फार निकडीचं काम आहे. ते म्हणाले, उद्या समिती कॉलेजला देईल त्या श्रेणीपेक्षा निकडीचं काही नाही, आणि कुंकू सांडू नका, फरशी नवीन आहे. मी तासिका तत्त्वावरची मास्तरीण. विभागातली एकटी बाई. ज्याची नोकरी तासावर मोजतात त्याला नाही म्हणायला तास मिळत नाही.

त्या दिवशी गेलं काय आणि राहिलं काय, हे कळायला आधी त्या किड्याची ओळख हवी. प्लॅनेरिया म्हणतात त्याला. वाहत्या गार पाण्यात दगडाखाली राहतो. कुणाच्या पोटात जात नाही, कुणाचं रक्त पीत नाही. तरी सावरघळचे लोक त्याला जळवेचं पिल्लू म्हणत आणि चपलेनं चिरडत. त्रिकोणी डोकं, दोन तिरळे डोळे, आणि तोंड मात्र पोटाच्या मध्यावर. मधोमध कापला तर पुढच्याला शेपूट फुटतं, मागच्याला डोकं फुटतं आणि एकाचे दोन होतात. जगात त्याची कीर्ती या एकाच गोष्टीवर आहे. पण त्याची जात ओळखायची तर रूप पाहून भागत नाही, कारण रूपानं ते सगळे भाऊ-भाऊ. ओळख पटते ती जननेंद्रियांवरून. ती बहुतेक तोंडाच्या मागे, शेपटीकडच्या भागात असतात, आणि किडा पूर्ण पिकला तरच तयार होतात.

सावरघळच्या झऱ्यातले किडे पिकतच नसत. त्यांना त्याची गरजच वाटत नसे. जरा मोठे झाले की शेपूट दगडाला चिकटवायचं, स्वतःला ताणून ताणून तोडायचं आणि दोन होऊन चालू लागायचं. ना लग्न, ना वऱ्हाड. त्यामुळे ही जात नवी आहे असं वाटत असूनही तिला नाव देता येत नव्हतं. माझ्या पीएच.डी.चा सगळा डोलारा त्या नावावर उभा होता. दोनदा मुदत वाढवून झाली होती आणि तिसऱ्यांदा वाढवणार नाही असं विद्यापीठानं कळवलं होतं. पीएच.डी. नाही तर कायम नोकरी नाही, आणि कायम नोकरी नाही तर थोरला भाऊ म्हणत होता तसं गावाकडच्या शाळेत जाऊन गांडुळाचं चित्र फळ्यावर काढायचं.

‘पिकणं’ हा शब्द सरांचा. प्राध्यापक हुक्केरी माझे मार्गदर्शक आणि विभागाचे प्रमुख. सीमाभागातला माणूस. मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी हटकून ‘की’ येणार. आयुष्यभर बेडूक आणि झुरळं कापली, पण घरात अंडं आणलं नाही. तरुणपणी सावरघळचा झरा त्यांनीच शोधला होता. या किड्याला नाव द्यायचं हे त्यांचंच स्वप्न होतं. माझ्या जन्माच्या आधीपासून ते बश्यांमध्ये किडे पाळत होते, विद्यार्थ्यांकडून त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक घालून घेत होते, आणि किडे तुटत होते, वाढत होते, पुन्हा तुटत होते. शेवटी सरांनी नाद सोडला. त्यांच्याकडे उरला तो कापण्याचा खेळ. दर वर्षी नव्या वर्गासमोर ब्लेडनं किडा कापायचा, पंधरा दिवसांनी दोन झालेले दाखवायचे, आणि पोरांनी तोंडात बोट घालायचं. त्या एका तासाला सर दहा वर्षांनी लहान दिसत.

मी आले ती हट्टानं. बलक बंद केला आणि बाजारातल्या खाटकाकडून बकऱ्याचं काळीज आणायला लागले. सरांनी नाकाला रुमाल लावला, पण अडवलं नाही. किड्यांना गारवा हवा असं मला वाटत होतं. विभागाचा फ्रीज प्राचार्यांच्या दालनात पाहुण्यांच्या श्रीखंडासाठी गेला होता तो परत आलाच नाही. मग मी पाण्याच्या माठाखाली परात ठेवली, परातीत वाळू भरली, आणि माठ पाझरून ओली होणाऱ्या त्या वाळूत बश्या पुरल्या. आमचा शिपाई शिवगोंडा त्या परातीला माझं देवघर म्हणायचा.

त्या वर्षी थंडी चांगली पडली. पौषात एका दुपारी भिंगातून बघताना एका किड्याच्या तोंडामागे मला बारीकसं, सुईनं टोचल्यासारखं भोक दिसलं. पिकल्याची खूण तीच. पुस्तकातल्या चित्राशिवाय ते मी कुठं पाहिलं नव्हतं. भिंग खाली ठेवलं, पाणी प्याले आणि पुन्हा पाहिलं. होतं. मग शेजारच्या बशीतले पाहिले. सगळ्या परातीत मिळून असे तीन निघाले, तिन्ही इतरांपेक्षा अंगानं थोराड. त्यांना मी एका बशीत वेगळं काढलं, बशीवर कागद चिकटवला, ‘हात लावू नये’ असं ठसठशीत लिहिलं आणि धावत सरांकडे गेले.

सर समितीसाठी विभागाचा अहवाल लिहीत होते. त्यांनी चष्मा वर केला नाही.

“फुगलेत,” ते म्हणाले. “खाऊन खाऊन.”

“सर, भोक दिसतंय. तुम्ही एकदा बघा.”

“मलापण दिसलं होतं की. पुण्याला परिषदेत उभा राहून सांगितलं, पिकले म्हणून. काप काढले. आत काही नाही. नुसता मांसाचा गोळा. सगळं सभागृह हसलं. एकानं तर विचारलं, हुक्केरी, तुमच्याकडे आंबे पिकतात का?” त्यांनी लिहिणं चालू ठेवलं. “ते पिकत नाहीत, दमयंती. आपण वाट बघायची आणि म्हातारं व्हायचं.”

मी चरफडत बाहेर आले. मनात म्हटलं, नका बघू. काप काढून तुमच्या टेबलावर ठेवते, मग बघा. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप काढायचे तर किडा आधी एका पिवळ्या द्रवात मारावा लागतो. त्या द्रवानं किडा आहे तसा आतबाहेर गोठतो, नुसत्या स्पिरिटमध्ये टाकला तर आकसून त्याची वात होते. त्या द्रवाला लागणारं एक रसायन संपलं होतं. मागणीपत्र केव्हाच कार्यालयात दिलं होतं. तिथले साहेब म्हणाले, समिती जाऊ दे, मग बघू, सध्या सगळं रंगकामात आहे. कॉलेजच्या भिंती अबोली रंगाच्या झाल्या आणि माझी बाटली तशीच राहिली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझ्या नकटीला तर लग्नच नको होतं आणि विघ्नं तेवढी होती. शेवटी कोल्हापूरच्या एका मैत्रिणीनं तिच्या प्रयोगशाळेतून थोडं रसायन एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं. ते पोचलं समिती येण्याच्या आदल्या संध्याकाळी. मी लगेच द्रव तयार करायला घेतला तर सर म्हणाले, आता नको, त्याचा वास भिंतींना धरतो, उद्या समिती गेली की काय करायचं ते कर. मी बाटली भरून कपाटात ठेवली आणि स्वतःची समजूत घातली. एवढी वाट पाहिली, आणखी एक दिवस.

आणि दुसरीकडे झराही जायला निघाला होता. सावरघळला नळयोजना मंजूर झाली होती. झऱ्यावर काँक्रीटची बंद टाकी बांधायला ठेकेदाराची माणसं येऊन राहिली होती. म्हणजे नवीन किडे आणायची वाट बंद होत होती. माझ्याकडे होते ते तीन.

तर अशी मी ताट घेऊन उभी होते.

तीन पाहुणे उतरले. अध्यक्ष एक निवृत्त कुलगुरू, बोलायला मृदू. दुसरे भौतिकशास्त्राचे, सतत हसरे. तिसरे वाणिज्यचे, ते सगळीकडे फरशीच बघत होते. मी ओवाळलं, कुंकू सांडलं नाही. मग स्वागतगीत, मग दीपप्रज्वलन, मग प्राचार्यांचं प्रास्ताविक. ते संपता संपेना. मधेच समिती विभाग बघायला उठली तेव्हा मीही मागून निघाले, तर इंगवल्यांनी खुणेनं थांबवलं. चहाच्या कपांवर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. कप अबोली रंगाचे होते, तेही नवे.

कपांच्या राशीत उभी असतानाच शिवगोंडा जिन्यावरून खाली आला. त्याला दूध संपल्याचं सांगायचं होतं. सहज बोलता बोलता म्हणाला, “वर सरांनी पाहुण्यांना किडं कापून दाखवायला घेतलंय. तुमच्या देवघरातलं मोठं मोठं काढलंय बघा.”

दुधाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी साडीचा ओचा धरला आणि जिना चढले.

प्रयोगशाळेत पडदे ओढलेले होते. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता आणि त्या उजेडात काहीतरी वळवळत असल्याची सावली होती. सरांनी एका किड्याचे चार तुकडे केले होते, दुसरा डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा चिरला होता, आणि तुकडे सगळ्यांना एकदम दिसावेत म्हणून बशी प्रोजेक्टरच्या दिव्यावर ठेवली होती. तो दिवा हात भाजेल इतका तापतो. ज्या किड्यांना मी माठाच्या पाझरावर जपलं होतं ते त्या दिव्यावर उकडत होते. मी दारात पोचले तेव्हा सावलीच्या कडा सुटायला लागल्या होत्या. प्लॅनेरिया उष्णतेनं मरत नाही, विरघळतो. बघता बघता भिंतीवर तुकड्यांच्या जागी नुसता धूसर डाग राहिला. भौतिकशास्त्राचे गृहस्थ म्हणाले, “अरे, गेला कुठं?”

‘हात लावू नये’चा कागद टेबलावर उपडा पडलेला होता.

सर गोंधळले, पण थोडेच. त्यांच्या अंगावर सणाचा कोट होता आणि कापण्याच्या तासाला त्यांच्या चेहऱ्यावर यायचं ते तेज आलेलं होतं. त्यांनी दिवा बंद केला, पडदा सारायला सांगितला आणि म्हणाले की दिव्यानं जरा गडबड झाली, आता साध्या भिंगातून दाखवतो. ड्रॉपरनं तिसरा उचलून त्यांनी काचेवर घेतला.

“सर, थांबा,” मी म्हटलं.

“एकच मिनिट हं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि ब्लेड टेकवलं.

खरं सांगते, तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती जाताना मला पायरी पायरीनं कळली. दैव देतं आणि कर्म नेतं, पण इथं कर्मही माझं नव्हतं. सरांनी सफाईनं, मधोमध, तोंडाच्या किंचित पुढे आडवा छेद दिला. दोन भाग झाले. डोकं चालू लागलं, शेपूट जागच्या जागी फिरू लागलं.

सर सांगत होते की पंधरा दिवसांत या शेपटीला नवं डोकं येईल, डोळ्यांसकट. अध्यक्षांनी विचारलं, नक्की? सर म्हणाले, “हा मरत नाही साहेब. कसाही कापा, मरत नाही.” इंगवले लगेच पुढे सरसावले. नवं डोकं आलं की फोटो काढून समितीला पाठवू, तोच आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापू, वगैरे. अध्यक्ष प्रसन्न हसले आणि म्हणाले की या कॉलेजात येऊन आज पहिल्यांदा काहीतरी जिवंत पाहिलं.

मी त्या शेपटीकडे बघत होते. छेद तोंडाच्या पुढे गेला होता. म्हणजे नाव द्यायला लागणारं सगळं त्या मागच्या भागात होतं, अजून शाबूत. पण नवं डोकं उगवायला लागलं की किडा आपली जननेंद्रियंच मोडून खातो, त्या मालमसाल्यातून डोकं घडवतो. पंधरा दिवसांनी फोटोत डोकं आलं असतं आणि नाव गेलं असतं. आणि समितीसमोर, प्राचार्यांसमोर, सरांच्या आयुष्यातल्या त्या एका चांगल्या तासात मला काय करायचं ते मला चांगलं ठाऊक होतं.

कपाटातून बाटली काढली. टेबलाशी गेले, ड्रॉपरनं शेपूट उचललं, रिकाम्या बशीत ठेवलं आणि वरून पिवळा द्रव ओतला. ते एकदा ताठ झालं आणि हळूहळू पिवळं पडत गेलं. वास खोलीभर पसरला.

“हे काय केलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

“मारलं, सर,” मी म्हणाले.

भौतिकशास्त्राचे गृहस्थ हसले. “न मरणारा मेला की हो, हुक्केरी,” ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नसावं. इंगवल्यांचा चेहरा मात्र नव्या भिंतींच्या रंगाचा झाला. मी पुढच्या भागासाठी ड्रॉपर पुढे केला, कारण बीजांडकोश डोक्याजवळ असतात, तेही हवे होते. तेवढ्यात सरांनी ती काच दोन्ही हातांनी झाकली.

“हा तरी राहू दे,” ते अगदी हळू म्हणाले.

काचेवरचं ते डोकं त्यांनी एका बशीत सोडलं आणि बशी उचलून आपल्या खोलीत निघून गेले. समितीचा निरोप समारंभही त्यांनी चुकवला.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला होता. म्हणाले, चारचौघांत माझी लाज काढलीस. मी म्हणाले, सर, ते पिकलेले होते, तिन्ही पिकलेले होते, मी सांगितलं होतं तुम्हाला, बशीवर कागद होता. त्यावर ते म्हणाले, “मला वाटलं ती पाटी पोरांसाठी असेल. आणि पिकत नाहीत ते.” एवढं बोलून त्यांनी दिवा मालवला. मी घरी येऊन उशीत तोंड घालून रडले, आणि रडता रडता त्यांना शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू.

पुढल्या रविवारी सावरघळला गेले. झऱ्यावर टाकी उभी राहिली होती. वरून निळं लोखंडी झाकण, त्याला कुलूप. खाली वाहणाऱ्या ओघळात दगड उलटून उलटून नखं मोडली. नव्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकलेली होती आणि पाण्याला दवाखान्यासारखा वास येत होता. एक किडा नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, बाई, आता पाणी एकदम शुद्ध आहे, बिनधास्त प्या.

सर माझ्याशी बोलेनासे झाले. बोलत नव्हते म्हणजे ओरडतही नव्हते, तेच जड जायचं. इंगवल्यांनी माझे तास कमी केले. माझं टेबल खिडकीपासून हलवून सांगाड्याच्या कपाटाशेजारी गेलं. कापाचं यंत्र आमच्याकडे होतं, पण त्याचं पातं बोथट. मी ते नाभिकाच्या वस्तऱ्याच्या दगडावर घासून आणलं. मेणात बसवलेलं ते तिळाएवढं शेपूट कापताना मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते, कारण कापांची एक रिबन चुरगळली की संपलं. सुरुवातीचे काप वाया गेले. नंतरचे जमले. रंगवले, वाळवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

सगळं होतं. नळी, पिशवी, स्नायूंची वेटोळी, आणि ज्याच्यावरून जात वेगळी ठरते तो वाकडा, जाड भिंतीचा कप्पा, जो आजवर वर्णन केलेल्या कुठल्याच भावंडात नव्हता. मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. आनंद झालाच, पण त्याच्या पाठोपाठ राग आला. एवढं होतं, आणि असे तीन होते.

दुपारी सर वर्गावर होते तेव्हा मी ती काच त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली लावली, नीट जुळवली आणि माझ्या सांगाड्याशेजारी येऊन बसले. तासाची घंटा झाली. सर आले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मला त्यांची पाठ दिसत होती. ते खुर्चीत बसले, वाकले, आणि तसेच राहिले. पुढच्या तासाची घंटा झाली, शिवगोंडा दोनदा डोकावून गेला, पोरं व्हरांड्यात दंगा करायला लागली, तरी सर उठले नाहीत.

मग त्यांनी मला हाक मारली. कितीतरी दिवसांनी माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं.

“हे त्याचंच?”

“होय सर. मागचा भाग.”

त्यांनी पुन्हा डोळा लावला. “काळजानं झालं असणार,” ते म्हणाले. “आणि गारव्यानं. मी बलक घालत बसलो की. काळीज आणायला आई काय म्हणेल म्हणून आणलं नाही, आणि आई गेल्यावर सवय राहिली नाही.” बोटांनी ते नुसता स्क्रू मागे-पुढे फिरवत होते. “केवढं सुंदर आहे गं हे.”

खरंतर किती दिवस मी वाक्यं घोटून ठेवली होती. एकेक वाक्य वस्तऱ्याच्या दगडावर घासलेलं. सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि म्हातारे दिसत होते.

“दमयंती, ते आधीचे दोन,” ते म्हणाले. “मी दिव्यावर ठेवलेले. त्यांच्यातपण होतं हे?”

तोच प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी इतके दिवस वाट पाहत होते. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तिन्हींची भोकं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि पहिल्या दोघांची तर तिसऱ्यापेक्षा स्पष्ट होती.

“नाही सर,” मी म्हणाले. “ते नुसते फुगले होते. खाऊन खाऊन.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यांना पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “मग बरं,” म्हणाले, आणि वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून लोणच्याची एक काचेची बरणी आणली. बरणीत ते डोकं होतं. त्याला नवं शेपूट फुटलं होतं, आणि बायकोच्या नजरेआड, न्हाणीघराच्या कोनाड्यात, सर त्याला स्वतःच्या हातानं काळीज चारत होते. म्हणाले, बोटांना वास राहतो, पण साबणानं जातो. प्रबंधावर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली. त्या डोक्याची पिलावळ पुढे माझ्याकडे पुष्कळ वर्षं होती. तुटत गेली, वाढत गेली. पिकलं मात्र त्यातलं एकही नाही.

नाव मी सावरघळचं दिलं. नमुना संग्रहालयात आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, एकच नमुना, मागचा अर्धा भाग. यावरून मी आजवर जितकी बोलणी खाल्ली तितकी कुणी खाल्ली नसतील. अर्ध्या किड्यावर जात उभी केली म्हणून परीक्षकांनी झापलं, बीजांडकोश कुठं आहेत म्हणून परदेशातल्या एकानं निबंध लिहून टीका केली, दोघांनी ती जातच मोडीत काढावी असं सुचवलं. अजूनही कुठं परिषदेला गेले की चहाच्या वेळी एखादी हुशार पोरगी गाठते आणि चाचरत विचारते, मॅडम, आणखी नमुने का नाही घेतले. सर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. सांगायला हरकत नाही, असं दर वेळी मनात येतं.

“एकच पिकला होता,” मी तिला म्हणते. “बाकीचे नुसते फुगले होते.”